वाटीत ठेवलेलं बटण

१

चोरी झाली होती आणि चोर ठार वेडा होता, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं.

बाहेरच्या खोलीत कोराकरकरीत एसी खोक्यात जसाच्या तसा होता. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा कोणी उचकटली नव्हती. आणि आतल्या खोलीच्या भिंतीतला जुना, खडखडणारा, गेले दोन उन्हाळे गरम हवाच फेकणारा एसी मात्र गायब होता. सकाळी फिटिंगवाले आले, जुना काढून त्याच जागी नवा बसवायला. दार उघडून बघतात तर काढायला काही नव्हतंच. भिंतीत चौकोनी भोक, आणि त्यावर ताणून बसवलेला फुलाफुलांचा जुना पडदा.

भाच्यानं फिटिंगवाल्यांना परत पाठवलं आणि आत्याला फोन केला. "आत्या, तू ये. हे तुझ्या लाइनीतलं आहे."

आत्याची लाइन म्हणजे विमा कंपनी. जळालेली दुकानं, बुडालेल्या गाड्या, चोरीला गेलेले आणि मग गादीखाली सापडलेले दागिने, असले दावे तपासण्यात तिची उभी हयात गेली होती. खोटं बोलणारा माणूस तिला पावलांच्या आवाजावरून ओळखू येतो, असं ऑफिसात म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. ती फक्त समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, आणि तेवढं फारसं कोणी करत नाही.

ती पोचली तेव्हा दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, नव्या एसीच्या खोक्यावर कोपर टेकून बसला होता. घर त्याचं. विकायला काढलेलं. वहिनीनं दार उघडलं, तोंड भरून हसली. "या वन्सं. प्रवास कसा झाला? मांजर बरी आहे ना तुमची?"

"वहिनी, ती गेली की मागच्या वर्षी."

"हो की! अगं बाई, माझं आपलं काहीतरीच," म्हणत वहिनी लगबगीनं चहा टाकायला वळली, आणि दादा तिच्या मागोमाग आत गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा बायकोच्या मागे मागे, असं मनात येऊन आत्याला हसू आलं. मांजर गेली तेव्हा वहिनीनंच फोनवर तासभर धीर दिला होता, हेही आठवलं. पण घरात चोरी झाल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर असतं?

भाच्यानं तिला बाजूला घेतलं. लहानपणापासून हात पाठीमागे बांधून चालायची सवय, म्हणून घरात त्याला साहेब म्हणत. पुढे तो खरंच साहेब झाला आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

"आत्या, खरं सांगू? चोर-बिर कोणी नाही. बाबांनीच कोणाला तरी तो देऊन टाकलाय, आणि विसरलेत. दूध जाळतात, किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवतात. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेले."

"मग? म्हातारे झालोत आम्ही."

"हे घर विकून त्या दोघांना तुझ्या भाचीच्या, ठकीच्या गल्लीत एक खोली घ्यायचीय. आता आईला मी बाबांच्या भरवशावर कसं सोडू? मी एका देखभाल केंद्रात बाबांसाठी जागा बघून ठेवलीय. चांगलं आहे, बाग आहे. आई माझ्याकडे येईल."

"दोघं दोन ठिकाणी?"

साहेबानं मान खाली घातली. तो दुष्ट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं फार पटापट निर्णय घेतात. "संध्याकाळपर्यंत त्यांना हो की नाही कळवायचंय. चोर सापडला, तर मी नाही म्हणेन. नाही सापडला, तर..."

पुढचं त्यानं बोलायची गरजच नव्हती.

२

आतल्या खोलीत हल्ली कोणी झोपत नव्हतं. एसी गार करीना, तेव्हापासून दोघं बाहेरच्या खोलीत झोपत होती. इथं आता बांधाबांधीची खोकी रचली होती, आणि दार बहुतेक लोटलेलंच असे.

आत्यानं चष्मा पुसला आणि भोकापासून सुरुवात केली. पडद्याचे वरचे दोन कोपरे भिंतीतल्या खिळ्यांना अडकवले होते, खालचे कोपरे भोकाच्या कडेत खोचलेल्या पुठ्ठ्याखाली दाबले होते. धूळ येऊ नये, कबुतर आत शिरू नये, अशी सोय. खिळे गंजलेले, जुने होते. भोकाची कड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेली. एसी काढला की तिथं वर्षाचा मळ साचलेला असतो. तो कोणीतरी पुसून काढला होता.

"चोर भलताच स्वच्छ दिसतोय," ती स्वतःशीच पुटपुटली.

विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर कोपऱ्यात होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली. भंगारवाला असता तर त्यातल्या तांब्यासाठी त्यानं तो आधी उचलला असता. मग तिनं कपाट उघडलं. मधल्या फळीवर, घडी घातलेल्या चादरींच्या पुढे, स्टीलची एक छोटी वाटी होती. वाटीत गोल, पिवळट पडलेलं प्लास्टिकचं बटण. एसीवर असतं ना, थंडावा कमी-जास्त करायला फिरवायचं, तेच.

तेवढ्यात घर विकून देणारा एजंट आला. त्याच्याकडे घराची किल्ली होती, आणि जुना एसी त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होता.

"ताई, मी कशाला नेऊ?" तो बसायच्या आधीच बोलायला लागला. "भिंतीत ते धूड दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे मी बोललो होतो. कबूल. नवा बसवा नाहीतर चालेलसा करा, मधलं काही नको, असंही बोललो. पण नवा तर घेतलाच होता साहेबांनी. आज निघणारच होता तो. मी कशाला पाठ मोडून घेऊ?"

"शेवटचा कधी पाहिलात?"

त्यानं मोबाइल काढला. जाहिरातीसाठी सोमवारी त्यानं खोल्यांचे फोटो काढले होते. फोटोत एसी जागेवर होता, आणि बटणही एसीवर होतं.

म्हणजे बटण सोमवारनंतर निघालं. आज गुरुवार. कोणीतरी एसी पळवायच्या आधी त्याचं बटण काढलं होतं, आणि ते वाटीत घालून चादरींपाशी जपून ठेवलं होतं. आत्यानं वाटी पदराखाली घेतली. असला चोर तिला तिच्या साऱ्या नोकरीत भेटला नव्हता.

३

खालच्या मजल्यावरच्या काकूंना एसीचा राग होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. "डोक्यावर गिरणी चालल्यासारखं वाटायचं हो! गेला ते बरंच झालं. पण मी नाही नेला. मला माझी गुडघेदुखी पुरे आहे."

त्यांच्याकडेही वरची किल्ली असे. ती त्यांनी खिळ्यावरची काढून दाखवली.

"काही आवाज आला होता का?"

"आला ना. मंगळवारी दुपारी. वर खाट सरकली. करकर करत. मग धपधप, मग थोड्या वेळानं खाट परत जागेवर सरकली. मला वाटलं, बांधाबांध चाललीय. तुमचे दादा नव्हते तेव्हा. मंगळवारी त्यांचा खांद्याचा व्यायाम असतो ना, तिकडे गेलेले. मी त्यांना रिक्षात बसताना बघितलं."

खाट सरकवणारा चोर समजू शकतो. एसी काढायला जागा लागते. पण ती परत जागेवर लावणारा? आणि दादा घरात नव्हता, पण वहिनी होती. वहिनी म्हणते, कोणी आलं नाही. तिची झोप तर मांजरीच्या पावलानं मोडायची.

ठकी, म्हणजे भाची, दुपारी धापा टाकत आली. जुनाच दुरुस्त करा म्हणून भावाशी कडाकडा भांडलेली तीच. "घर विकायचंय, सजवायचं नाही, एवढंच म्हणत होते मी," ती म्हणाली. "आणि बाहेर झोपायला लागल्यापासून, त्या आवाजाशिवाय, बाबांना धड झोप येत नाही, हे साहेबांना कुठं माहितीय? मीच चोरला असता गं आत्या, पण ठेवू कुठे? माझ्या घरात मला पाय ठेवायला जागा नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरले. "बाबांना खरंच पाठवणार का गं तो?"

सगळे बाहेरच्या खोलीत जमले होते. आत्यानं पदराखालची वाटी काढली आणि खोक्यावर ठेवली.

"हे कोणी ठेवलं?"

साहेबानं वाटीकडे पाहिलं, खांदे उडवले. ठकीनं बटण उचलून उलटसुलट केलं. वहिनी खिडकीपाशी उन्हात उभी होती. तिनं वळून पाहिलं, छान हसली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

दादानं वाटी पाहिली. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. मग तो एकदम उठून उभा राहिला.

"आठवलं," तो म्हणाला. "मीच दिला. भंगारवाल्याला, मंगळवारी दुपारी. साफ विसरलो होतो. साहेब, तू म्हणतोस ते बरोबर आहे बाबा. माझं डोकं चालत नाही हल्ली. कळव तुझ्या त्या केंद्राला."

४

ठकी रडायला लागली. साहेब फोन हातात घेऊन गॅलरीत गेला, पण नंबर लावायचं त्याला धैर्य होईना. नुसताच कठड्याला टेकून उभा राहिला.

आत्या दादाशेजारी जाऊन बसली. लहानपणी तो खोटं बोलला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. या वयातही होत होत्या.

"दादा, भंगारवाला कसा होता रे दिसायला?"

"असतात तसा."

"आणि पडदा कोणी लावला वर?"

"मीच."

"हात वर करून दाखव बघू."

दादानं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडकला. चेहरा वेदनेनं वाकडा झाला. डावा त्याहून वाईट होता. त्या खिळ्यांना हात पोचायला तो डोक्यावर न्यावा लागला असता. शिवाय मंगळवारी दुपारी तो रिक्षात बसून खांद्याच्या व्यायामाला गेला होता.

"असू दे," आत्या म्हणाली. "मला सांग, आणखी काय काय विसरलास तू?"

"पुष्कळ. दूध जाळलं. दिवाणावर इस्त्री तशीच ठेवली, चादरीला भोक पडलं. गॅस चालू ठेवला, तो बुधवार होता. किल्ल्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. डोळ्यांच्या दवाखान्यात एकाच गोष्टीसाठी तीनदा फोन केला, तपासणीची वेळ विचारायला. सकाळी दोनदा, मग जेवल्यावर."

तो धडाधड सांगत गेला, वार आणि कप्प्यांसकट. आत्या ऐकत होती, आणि ऐकता ऐकता एक गोष्ट तिला खटकली. विसरणाऱ्या माणसाला आपण विसरलो हेही आठवत नाही. दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी तो वाद घालतो. दादाला आपल्या सगळ्या चुका तोंडपाठ होत्या.

आतून वहिनीची हाक आली. "चहा टाकते गं, कोण कोण घेणार?" दादा बोलणं अर्धवट सोडून उठला आणि तिच्या मागे गेला. आत्यानं दाराच्या फटीतून बघितलं. वहिनीनं गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि मग नुसतीच उभी राहिली, पुढचं काय ते कोणी सांगेल म्हणून वाट बघावी तशी. दादानं साखरेचा डबा तिच्या हाताशी सरकवला.

दुपारपासून तिसऱ्यांदा चहा होत होता, हे आत्याच्या आत्ता लक्षात आलं.

तिनं खोक्यावरचं बटण पर्समध्ये टाकलं. "ठकी, मी जरा औषधाच्या दुकानातून येते. त्या जुन्या मेकॅनिकचं दुकान कुठं गं? दर वर्षी यायचा तो."

"फ्रिजवाले भाऊ? चौकाच्या पलीकडे. पण त्यांना कोणी विचारलंच नाही. साहेबांनी मागच्या वर्षी त्यांच्यावर नाही नाही ते आरोप केले ना, म्हाताऱ्यांना लुबाडता म्हणून. तेव्हापासून आमचं त्यांच्याशी बोलणं नाही."

"तुमचं नाही," आत्या म्हणाली, आणि चपला घातल्या.

५

दुकान अरुंद होतं. दारातच उघडी मशिनं, तांब्याच्या नळ्या, आणि फवाऱ्यानं धुतलेल्या जाळ्या उन्हात वाळत उभ्या केलेल्या. आत, लाकडी बाकावर, नुकताच पुसलेला एक जुना एसी होता. पुढच्या बाजूला बटणाच्या जागी नुसती धातूची दांडी बाहेर आलेली.

आत्यानं पर्समधनं बटण काढलं आणि दांडीवर बसवलं. ते टक् करून बसलं.

"अरे वा, आणलंत का?" फ्रिजवाले हात पुसत पुढे आले. "बाई कधी देत नाहीत बटण. एकदा आमच्याकडे हरवलं होतं, तेव्हापासून मशिन नेताना स्वतः काढून ठेवतात. परत बसवलं की मगच देतात."

"कोणी बोलावलं तुम्हाला?"

"बाईंनीच. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बोलावतात की! मशिन काढायचं, इथं आणून धुवायचं, गॅस बघायचा, परत बसवायचं. मी आणि माझा जोडीदार गेलो मंगळवारी. खाट सरकवली, मशिन काढलं, वर पडदा मी लावला, बाईंनी खालची कड पुसली. त्यांना मळ चालत नाही." ते थोडे घुटमळले. "साहेब ओरडतील हे माहीत होतं. पण बाईंना नाही कसं म्हणणार?"

"घर विकतायत, हे सांगितलं त्यांनी?"

"नाही. घर विकतायत?" फ्रिजवाल्यांचा चेहरा उतरला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बुधवारी बाईंचा परत फोन आला. मशिन न्यायला कधी येता म्हणून. मी म्हटलं, बाई, कालच नेलं की. हसल्या. संध्याकाळी परत तोच फोन. मग मी नुसतं, येतो म्हटलं."

आत्या बाकाच्या कडेला टेकली. चोर असता तर बटणासकट नेला असता. भंगारात द्यायचा असता तर बटणाची कोणाला फिकीर? जी वस्तू परत येणार आहे, तिचंच बटण माणूस वाटीत जपून ठेवतो. घर विकायचंय, नवा एसी आलाय, दोन उन्हाळे जुना गार करत नाही, हे सगळं वहिनीच्या हातून निसटलं होतं. उन्हाळा आला की मशिन धुवायला द्यायचं, एवढं मात्र टिकून राहिलं होतं.

"चालतो का हा?" तिनं विचारलं.

"का नाही? गॅस भरला, इतके दिवस न मिळालेला एक छोटा भाग बदलला. गार करेल. आवाज तेवढा राहील, तो काही जायचा नाही."

"घेऊन या घरी. आत्ताच. आणि हे बटण मी परत घेऊन जाते. ते वाटीतच असायला हवं."

६

दादा इमारतीच्या दाराशी, पायरीवर बसला होता. तिला बघून त्यानं चेहरा वळवला.

"फ्रिजवाल्यांकडे गेले होते," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

"वाटी बघितल्याबरोबर कळलं मला," दादा म्हणाला. "सकाळपासून मलाही वाटत होतं, खरंच चोरी झाली. ते बटण ती दर वर्षी असंच जपून ठेवते. चिंगे, सांगू नकोस."

या वयात तिला चिंगी म्हणणारा हा एकच माणूस उरला होता.

"कधीपासून, दादा?"

"झालं वर्ष. आधी हसायची स्वतःलाच. मग एकदा रात्री उठून म्हणाली, अहो, मी विसरायला लागले ना, तर मुलांना सांगू नका. ती माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. मी शब्द दिला. दूध जळलं, म्हटलं मी जाळलं. गॅस राहिला, म्हटलं माझ्याकडून. सोपं होतं गं. पुरुषाला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही, हे सगळ्यांना पटतंच."

"आणि तुला त्या केंद्रात पाठवल्यावर? तिच्या हाताशी साखरेचा डबा कोण सरकवणार?"

दादा तोंड झाकून रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. त्या अवघडलेल्या खांद्यांनी त्याला धड रडताही येत नव्हतं. आत्याला स्वतःचाच राग आला. आख्खी हयात लोकांचं खोटं पकडण्यात घालवली, आणि सख्खा भाऊ वर्षभर खोटं बोलत होता, ते कळलं नाही. फोनवर तो म्हणायचा, सगळं छान आहे, आणि ती ते खरं मानायची.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "शब्द तू दिलायस. पण एसी येतोय घरी, आणि तो आल्यावर काय होईल ते माझ्या हातात नाही."

कोपऱ्यावरून हातगाडी वळली. गाडीवर, जुन्या गोधडीत गुंडाळलेलं ते धूड होतं.

७

साहेबानं फ्रिजवाल्यांना दारात बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "तुम्ही? तुमच्याकडे होता? म्हणजे बाबांनी तुम्हाला..."

फ्रिजवाले आणि त्यांचा जोडीदार आत शिरले. खाट सरकली. पडदा निघाला. एसी भोकात बसला, आणि खोलीत एकदम ओळखीचं काहीतरी परत आल्यासारखं झालं. गडबड ऐकून वहिनी पदराला हात पुसत आली.

"आलात का भाऊ? किती उशीर लावलात यंदा!"

ती सरळ कपाटापाशी गेली. मधली फळी, चादरींच्या पुढे. आत्यानं वाटी परत तिथंच ठेवली होती. वहिनीनं बघायचीही तसदी न घेता हात घातला, वाटी काढली, बटण उचललं आणि फ्रिजवाल्यांच्या हातावर ठेवलं.

"हे घ्या. मागं हरवलंत तुम्ही. म्हणून मी देतच नाही कधी."

ठकीनं तोंडावर हात दाबला. साहेब वाटीकडे बघत होता, मग आईच्या हाताकडे, मग बाबांच्या खांद्यांकडे, आणि एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेली.

"आई," तो म्हणाला, "एसी तू दिला होतास?"

वहिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि उत्तर सापडेना. तिनं दादाकडे पाहिलं. दर वेळी बघत असणार तसंच.

"नाही रे, मीच फोन करून..." दादा घाईनं म्हणाला.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाली. हळूच, पण स्पष्ट. "तुम्ही नका दर वेळी पुढे येऊ. मला आठवत नाही, ते खरं. पण म्हणून मी वेडी नाही. ते दूध मीच जाळलं असणार. तुम्हाला गॅस पेटवता तरी येतो का कधी?"

आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण दादाही हसला, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मग वहिनी मुलाकडे वळली. "साहेबा, यांना कुठं पाठवू नकोस रे. मला मग काहीच सापडायचं नाही."

साहेब खाटेवर बसला. खिशात फोन वाजत होता. त्यानं तो काढून बंद केला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात साहेबीपणा अजिबात नव्हता.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तिनं नको म्हटलं होतं."

"मी तुम्हाला काय काय बोललो..."

"बोललास. पण तिला नाही बोललास ना? मग झालं."

साहेब उठून फ्रिजवाल्यांपाशी गेला. "मागच्या वर्षी मी चुकलो, भाऊ," तो म्हणाला. फ्रिजवाले बटण बसवण्यात गुंतल्यासारखं दाखवत राहिले, आणि म्हणाले, असू द्या, मशिन महत्त्वाचं.

ठकीच्या गल्लीतली खोली घ्यायची, ते त्याच खोलीत ठरलं. दिवसा मदतीला एक बाई ठेवायची, गॅसऐवजी विजेची शेगडी घ्यायची, डॉक्टरांकडे साहेबानं स्वतः घेऊन जायचं. संध्याकाळी परत आलेला एजंट एवढा वेळ दारात अवघडून उभा होता, त्यानं खाकरून विचारलं, "मग घरात कोणता एसी राहणार? गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"नवा इथं राहील, घराबरोबर," साहेब म्हणाला. "जुना ह्यांच्याबरोबर जाईल. बाबांना त्याच्या आवाजाशिवाय धड झोप येत नाही."

ठकीनं चमकून भावाकडे बघितलं. हे त्यालाही माहीत होतं तर.

वहिनीनं बटण फिरवलं. एसी खोकला, थरथरला आणि गिरणीसारखा सुरू झाला. खालून काकूंनी छताला काहीतरी आपटलं. गार हवेची पहिली झुळूक आली तशी वहिनीचा चेहरा उजळला. ती आत्याकडे वळली.

"वन्सं, कधी आलात? मांजर बरी आहे ना?"

"बरी आहे, वहिनी," आत्या म्हणाली. "तुझी आठवण काढते."

"थांबा, चहा टाकते," म्हणत वहिनी निघाली. सवयीनं दादाही गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला.

"तुम्ही बसा, बाबा," साहेब म्हणाला, आणि हात पाठीमागे न बांधता, आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.